मरणानुस्सती करायला बसले आणि झोपच उडाली

पत्र (थोडं कमी करून देतेय) :

"जय भीम ताई. मी ३८ वर्षांची, विक्रोळीला कन्नमवार नगरात राहते, अंधेरीला एका ऑफिसात अकाउंट्स बघते. चार महिन्यांपूर्वी माझे बाबा गेले, हार्ट अटॅक, झोपेतच. ते मिलमधे रिंग खात्यात होते, संपानंतर वॉचमनकी करून आम्हाला शिकवलं. जलदान विधीच्या दिवशी विहारातले एक ओळखीचे म्हणाले की रडत बसू नका, आपण बौद्ध आहोत, सगळं अनित्य आहे, रोज मरणानुस्सती, म्हणजे मरणाची आठवण ठेवायचं ध्यान, करा म्हणजे भीती जाते. मग मी व्हिडिओ बघून रोज रात्री लाईट बंद करून पडल्यापडल्या करायला लागले, आपण मेलोय, घरात माणसं जमलीयेत, आपल्याला न्यायची तयारी चाललीय, असं सगळं डोळ्यासमोर आणायचं. आधी बरं वाटलं. आता झोप लागत नाही, छातीत धडधडतं, घाटकोपरला मेट्रोच्या गर्दीत एकदम वाटतं की आत्ता इथंच पडणार. बाबांच्या मोबाईलला पहाटे पाचचा अलार्म आहे, तो अजून वाजतो, मला बंद करवत नाही. आई म्हणते घरात अभद्र बोलू नको. दादा म्हणतो हे बाबासाहेबांच्या धम्मात बसत नाही. आणि परवा माझ्या नऊ वर्षांच्या मुलाने विचारलं, मम्मी तू पण मरणार का? मी बाथरूममधे जाऊन रडले. ताई, माझं कुठे चुकतंय? बंद करू का?"

जय भीम गं.

हो, बंद कर. ते रात्री अंधारात पडून स्वतःचं मरण बघणं आजपासून बंद, निदान काही महिने तरी. का ते सांगतेच, पण त्याआधी एक काम कर, ह्याच आठवड्यात डॉक्टरकडे जा. वडील हार्टने गेलेत आणि तुला धडधडतंय म्हटल्यावर ईसीजी, बीपी, थायरॉईड, हिमोग्लोबिन एकदा बघून घ्यायलाच हवं, अंगावर काढू नकोस. आणि सगळे रिपोर्ट नॉर्मल आले तर "काही नाही झालंय मला" म्हणून गप्प बसायचं नाही. गर्दीत अचानक घाबरायला होणं, आत्ता पडणार असं वाटणं, हा पण एक त्रास आहे, त्याला औषध आहे, त्यावर बोलून उपाय होतो, केईएम, सायन, नायर ह्या पालिकेच्या हॉस्पिटलांत मानसोपचाराची ओपीडी असते, फार खर्च येत नाही. रात्री-अपरात्री खूपच वाईट वाटायला लागलं, किंवा जगूच नये असा विचार जरी डोकावला, तर १४४१६ ला फोन लाव, टेली मानस, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असतं, मराठीत बोलता येतं. तिथे फोन केला म्हणजे श्रद्धा कमी पडली असं अजिबात नाही, धम्मात आजारी माणसाने औषध घेऊ नये असं कुठंही सांगितलेलं नाही.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. मरणानुस्सती वाईट नाही, तुला ती अर्धीच सांगितली गेलीय आणि ती पण नको त्या वेळी.

पाचव्या शतकातले आचार्य बुद्धघोष, त्यांनी विशुद्धिमग्ग ह्या ध्यानावरच्या ग्रंथात मरणानुस्सतीवर सविस्तर लिहिलंय, आणि सुरुवातीलाच काय सांगितलंय बघ. चुकीच्या पद्धतीने मरण आठवलं तर काय होतं? आवडत्या माणसाचं मरण आठवलं की शोक होतो, नावडत्याचं आठवलं की आनंद होतो, ज्याच्याशी काही देणंघेणं नाही त्याचं आठवलं की काहीच होत नाही, जसं रोज प्रेतं जाळणाऱ्याला होत नाही, आणि स्वतःचं आठवलं की भीती वाटते, समोर कोणी तलवार उगारून उभा आहे अशी. म्हणजे तुला जे होतंय ते पंधराशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं आहे गं! तू कमकुवत नाहीस, तुझं काही वेगळंच होतंय असं पण नाही. बाबांचं मरण आणि स्वतःचं मरण, दोन्ही एकाच वेळी, अंधारात, एकटीने, नुसतं चित्रासारखं बघत राहिलीस, तर शोक आणि भीती दोन्ही येणारच. बुद्धघोष म्हणतात सोबत तीन गोष्टी लागतात, सती म्हणजे जागरूकपणा, संवेग म्हणजे आतून हलवून जागं करणारी तळमळ, आणि समज. त्या तिन्ही नसतील तर मरण आठवू नये.

आणि मूळ सुत्तात, म्हणजे बुद्धांच्या उपदेशात, तर तिरडी वगैरे काही रंगवलेलंच नाही. अंगुत्तर निकाय ह्या सुत्तांच्या संग्रहात आहे, भगवान नादिका गावात विटांच्या घरात राहात होते, तिथे त्यांनी भिक्खूंना विचारलं की मरणसती (मरणानुस्सतीच) कोण कशी करतं. एक म्हणाला, मला वाटतं एक दिवस-रात्र जगायला मिळालं तरी मी केवढं करेन. दुसरा म्हणाला एक दिवस. कोणी म्हणालं एक जेवण होईपर्यंत, कोणी चार-पाच घास खाईपर्यंत, कोणी एकच घास, आणि शेवटचा म्हणाला, श्वास आत घेऊन बाहेर सोडेपर्यंत किंवा बाहेर सोडून आत घेईपर्यंत जगलो तरी तेवढ्यात मी भगवंतांच्या शिकवणीकडे लक्ष देईन. बुद्ध म्हणाले, एक घास आणि एक श्वास म्हणणारे दोघेच सावध आहेत, बाकीचे अजून गाफील आहेत. नीट वाच हे परत एकदा. ह्यात कोणीही आपण कसे मरू ते बघत बसलेलं नाही, प्रत्येकजण म्हणतोय की "तेवढा वेळ मिळाला तर मी काय करेन". तू रोज रात्री शेवट बघत होतीस, आणि ते लोक हातातला घास बघत होते.

ह्याच्या पुढचं सुत्त मला आणखी जवळचं वाटतं. संध्याकाळ झाली की भिक्खूने विचार करायचा, मला मरण यायला कितीतरी कारणं आहेत, साप चावेल, विंचू चावेल, पाय घसरून पडेन, खाल्लेलं बाधेल, पित्त खवळेल. आणि मग स्वतःला एकच प्रश्न विचारायचा, माझ्यात असं काही वाईट राहिलंय का, जे मी आज रात्री गेले तर मला नडेल? असेल तर ते सोडायला डोक्याला आग लागल्यासारखं धावायचं. आणि नसेल तर? तर आनंदात राहायचं, खरंच, प्रीती आणि प्रमोद असेच शब्द आहेत तिथे. म्हणजे ह्या साधनेतून बाहेर पडताना माणूस एकतर कामाला लागलेला असतो नाहीतर आनंदात असतो, तिसरा रस्ता सांगितलेलाच नाही. रात्री साडेबाराला छाती धरून बसायचं असं कुठेच नाही. कोणतीही साधना आपल्याला मानवतेय का हे कळायला माझ्याकडे तरी एवढीच खूण आहे, की ती केल्यावर घरच्यांशी आपण जरा मऊ वागतो का आणि राहिलेलं काम उचलतो का.

अजून एक सांगते, थोडं जड आहे पण सांगायलाच हवं. वैशालीला एकदा भगवंतांनी भिक्खूंना शरीराच्या अशुभतेचं ध्यान सांगितलं आणि स्वतः पंधरा दिवस एकांतात गेले. मरणानुस्सतीपेक्षा हे वेगळं ध्यान, पण जवळचंच. भिक्खूंना स्वतःच्या शरीराची इतकी किळस आली की काहींनी जीव दिला. बुद्ध परत आले, संघ एवढा कमी का दिसतोय म्हणून आपला सेवक-शिष्य आनंद ह्याला विचारलं, आणि कळल्यावर सगळ्यांना बोलावून दुसरं ध्यान शिकवलं, आनापानसती, श्वासाचं, शांत करणारं. विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, ही नोंद तशीच ठेवलेली आहे, लपवलेली नाही, मला त्याचं फार महत्त्व वाटतं. जे ध्यान झेपत नाही ते बदलायचं, हे खुद्द बुद्धांनी केलंय, मग विक्रोळीतल्या तुला कोण काय म्हणणार? म्हणून सध्या तू फक्त आनापान कर. सकाळी, उजेडात, बसून, डोळे थोडे उघडे ठेवलेस तरी चालेल, दहा मिनिटं, श्वास येतोय, श्वास जातोय, बस. धडधड वाढली तर उठ, पाणी पी, आईशी बोल. जमलं तर शेवटी मैत्री भावना, आईसाठी, मुलासाठी, त्या विहारातल्या काकांसाठी पण, त्यांनी चांगल्या मनानेच सांगितलं असणार.

पण त्यांचं ते "रडू नका, आपण बौद्ध आहोत" मला मान्य नाही, आणि हे वाक्य आपल्याकडे प्रत्येक पुण्यानुमोदनाला कोणीतरी म्हणतंच म्हणून जरा मोठ्याने सांगते. कुसिनाऱ्याला भगवंतांचा शेवट जवळ आला तेव्हा आनंद दाराच्या चौकटीला टेकून रडत उभा होता. पंचवीस वर्षं सेवा केलेला, सगळी सुत्तं तोंडपाठ असलेला आनंद! भगवंतांनी त्याला बोलावून घेतलं, जवळ बसवलं, अनित्यतेचं सांगितलं ते सांगितलंच, पण तू किती वर्षं किती मायेने माझं केलंस हे पण सगळ्यांसमोर सांगितलं. आणि सारिपुत्त-मोग्गल्लान हे दोन पट्टशिष्य गेल्यावर गंगेच्या काठी उक्काचेलाला भगवान स्वतः म्हणाले की ही परिषद मला रिकामी झाल्यासारखी वाटते. बुद्धांना माणूस नसल्याचं जाणवू शकतं आणि तुला चार महिन्यांत बाबांचं काही वाटू नये, हा कुठला धम्म? आपण "अनिच्चा वत संखारा" (सगळे संस्कार अनित्य आहेत) म्हणतो ते रडणाऱ्याचं तोंड बंद करायला नाही म्हणत. तू रड गं. बाथरूममधे नको, आईजवळ बसून रड, ती पण कुठेतरी कोपऱ्यात एकटीच रडत असेल. अलार्मचं म्हणशील तर राहू दे वाजायचा तेवढे दिवस, एक दिवस तुझा हात आपोआप जाईल, त्यासाठी स्वतःला तारीख लावून घेऊ नकोस.

आता दादा. दादाचं म्हणणं मी उडवून लावत नाही, त्याला आधार आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'च्या प्रस्तावनेतच बाबासाहेबांनी म्हातारा, आजारी आणि मेलेला माणूस बघून सिद्धार्थाने घर सोडलं ही गोष्ट नाकारलीय, आणि पुढे शाक्य आणि कोलिय ह्यांचा रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा हे कारण मांडलंय. पण का नाकारली ते दादाला नीट वाचायला सांग. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोपर्यंत हे काही बघितलंच नव्हतं हे पटण्यासारखं नाही, कारण ह्या गोष्टी आजूबाजूला शेकड्यांनी घडत असतात, असं बाबासाहेबांचं म्हणणं आहे. म्हणजे मरण ही रोजची, सगळ्यांना दिसणारी गोष्ट आहे, त्याकडे बघूच नका असं ते म्हणत नाहीत, उलट त्याच ग्रंथात संस्कार अनित्य आहेत हे मानणं म्हणजे धम्म असं त्यांनी सांगितलंय. आणि बाबासाहेबांनी स्वतः किती मरणं बघितली, चार लेकरं गेली, १९३५ च्या मे महिन्यात दादरच्या राजगृह ह्या घरी रमाई गेल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात ते येवल्याला उभे राहिले आणि हिंदू म्हणून मरणार नाही हे सांगितलं. त्या वाक्यात पण मरण आहेच ना, आणि ते म्हणणारा माणूस हातपाय गाळून बसलेला नव्हता. दादाला निराशावाद नको असेल तर मला पण नकोच आहे, त्याला म्हणावं आपण दोघं एकाच बाजूला आहोत.

तुझे बाबा मिलचे म्हणून एक गोष्ट सांगावीशी वाटते, धम्मपदाच्या अट्ठकथेत, म्हणजे जुन्या टीकेत, आहे. आळवी गावात भगवंतांनी मरणावर उपदेश केला, जीवन अध्रुव आहे, मरण ध्रुव आहे. गावच्या गाव ऐकायला आलं, ऐकलं आणि आपापल्या कामाला लागलं. विणकराची एक सोळा वर्षांची मुलगी होती, तिनेच ते धरून ठेवलं, तीन वर्षं. भगवान परत आळवीला आले त्या दिवशी बापाने तिला सांगितलं होतं, कांडी लवकर भरून आण, माग अडलाय. तिला उपदेशाला जायची घाई होती, तरी तिने आधी कांडी भरली आणि मग टोपली घेऊन वाटेत थांबली. भगवंतांनी विचारलं, कुठून आलीस? माहीत नाही. कुठे जाणार? माहीत नाही. माहीत नाही? माहीत आहे. माहीत आहे? माहीत नाही. लोक चिडले, ही काय उद्धट पोरगी. मग तिने उलगडून सांगितलं, कोणत्या जन्मातून आले माहीत नाही, मरून कुठे जाणार माहीत नाही, मरणार हे माहीत आहे, कधी ते माहीत नाही. गोष्टीचा शेवट दुःखाचा आहे, त्याच दिवशी मागाचा तडाखा छातीत बसून ती गेली, आणि बाप रडत भगवंतांकडे आला. तू आत्ता ज्या मनःस्थितीत आहेस त्यात शेवट धरून बसू नकोस, मधली तीन वर्षं बघ. तीन वर्षं ती मरणानुस्सती करत होती आणि तीन वर्षं कांड्या भरत होती, एकासाठी दुसरं सोडलं नाही.

(बाबा रिंग खात्यात होते असं लिहिलंयस. आपल्या माणसांना पूर्वी साचा खात्यात, म्हणजे विणाईला, घेतच नसत, धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागायचा म्हणून विटाळ. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा मुद्दा लावून धरला होता. नातवाला सांग हे कधीतरी, आजोबा कुठे काम करायचे आणि तिथेच का.)

पुढे कधी परत करावीशी वाटली, झोप सुधारल्यावर, तर पाच स्मरणांपासून सुरू कर. ही भिक्खूंसाठीच नाहीत, बाई असो पुरुष असो, घरातला असो, सगळ्यांनी वरचेवर आठवावीत असं सुत्तातच म्हटलंय. मी म्हातारपणापासून सुटलेली नाही, आजारापासून सुटलेली नाही, मरणापासून सुटलेली नाही, जे जे मला प्रिय आहे त्याच्यापासून कधीतरी ताटातूट आहे, आणि माझं कर्म माझंच आहे. इथवर सगळे सांगतात, पण सुत्त इथे थांबत नाही, पुढे म्हणतं की हे फक्त माझंच नाही, जेवढे म्हणून प्राणी आहेत त्या सगळ्यांचं असंच आहे. भीती इथे सैल होते. मेट्रोत उभी असशील तेव्हा समोरच्या बाईकडे बघ, तिची पर्स, तिचा टिफिन, कानातले इअरफोन, तिला पण हे सगळं आहे, तिचे पण बाबा असतील किंवा नसतील. डोळे उघडे ठेवून, माणसांत राहून करायचं.

आणि एखाद्या रविवारी मुलाला घेऊन कान्हेरीच्या लेण्यांना जा, बोरिवलीला नॅशनल पार्कात. चैत्यगृह बघून बहुतेक लोक परततात, तू ८७ नंबरच्या लेण्यापर्यंत चालत जा. तिथे कड्याखाली लांबलचक जागा आहे, विटांच्या स्तूपांचे नुसते पाये उरलेत, गोल गोल, एकाला लागून एक. तिथल्या थेरांच्या, म्हणजे ज्येष्ठ भिक्खूंच्या, आठवणीसाठी बांधलेले. म्हणजे ज्यांच्यासोबत राहिले त्यांचे स्तूप त्यांनी आपल्या राहत्या जागेपासून चार पावलांवर बांधले, आणि तिथूनच परत पाणी भरायला टाक्यांवर गेले, शिकवायला गेले, झोपले. मुलाला पळू दे पायऱ्यांवरून, त्याला काही समजावत बसू नकोस तिथे.

आईशी वाद घालू नकोस. तिच्यासमोर मरण हा शब्द काढलाच पाहिजे असं काही नाही. त्यापेक्षा तिच्याबरोबर बसून बाबांचे कागद लाव, डेथ सर्टिफिकेटच्या जास्तीच्या कॉप्या, पासबुकं, तिची पेन्शन लागणार असेल तर तो अर्ज. मग तुझे स्वतःचे बघ, पीएफला नॉमिनी कोण आहे, लग्नाआधी भरलेलं तेच नाव अजून आहे का. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे हे पण बऱ्याच जणांना माहीत नसतं, एक साधं मृत्युपत्र करून ठेव, साध्या कागदावर होतं, तुझी सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, स्टॅम्प पेपर लागत नाही. तू अकाउंट्समधली, तुला एका दुपारचं काम आहे. "आज रात्री मी गेले तर काय नडेल" ह्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या फाईलमधे असतं, उरलेलं अर्धं कोणाशी बोलायचं राहिलंय, कोणाची माफी मागायची राहिलीय, त्यात. त्याची यादी मनात आपोआप होते, एकेक फोन लावत जा.

मुलाचं राहिलं. त्याने विचारलंय म्हणजे आजोबा गेल्यापासून त्याच्या डोक्यात हेच चाललंय, आणि तू उठून गेलीस तेव्हा त्याला वाटलं असेल की आपण काहीतरी वाईट विचारलं. आज त्याला जवळ घेऊन परत तो विषय तूच काढ. "नाही रे, मी नाही मरणार" असं खोटं सांगू नकोस, नऊ वर्षांच्या पोराला ते कळतं. सांग की हो, सगळेच मरतात, मी पण मरेन, बहुतेक खूप वर्षांनी, तू मोठा झाल्यावर, आणि मी नसले तरी तुझ्याकडे बघायला पप्पा आहेत, मामा आहे, आजी आहे. नावं घेऊन सांग, पोरांना नेमकं तेच हवं असतं, माझं कोण करणार. त्याने पुढे काही विचारलं तर माहीत असेल ते सांग, नसेल तर माहीत नाही म्हण. आणि आजोबांची आठवण येते का विचार, तो रडला तर रडू दे, तुला पण रडू आलं तर ह्यावेळी उठून जाऊ नकोस.